ड्रॉपर की क्विक रिलीज? नागपूरच्या टेकड्यांचा हिशेब

सेमिनरी हिल्सचे चढउतार, गोरेवाड्याकडच्या मुरमाच्या वाटा, हिंगण्याच्या बाजूची खडकाळ टेकाडं, फार तर रामटेकचा डोंगर. नागपुरात माउंटन बाइक चालवणाऱ्याच्या वाट्याला साधारण एवढंच येतं. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आणि भोवतालचा मुलूख बराचसा सपाट. म्हणून ड्रॉपरचा, म्हणजे चालता चालता खालीवर करता येणाऱ्या सीटच्या दांडीचा, विषय निघाला की लगेच ऐकू येतं, "ते हिमाचलवाल्यांचं काम आहे भाऊ, आपल्याकडे काय करायचं त्याचं?" मला हे पटत नाही. पण प्रत्येकानं ड्रॉपर घ्यावा, असंही मी म्हणणार नाही.

आधी तो करतो काय ते पाहू. पेडल मारताना पाय खाली जवळजवळ सरळ होईल इतकी सीट उंच लागते. उतारावर हीच सीट आड येते. पुढचं चाक दगडावरून खाली उतरतं तेव्हा कंबर खाली आणि थोडी मागे न्यायची असते. वळणावर तर सायकल अंगाखाली तिरपी करावी लागते. उंच सीट दोन्ही वेळा मध्ये येते आणि अंगाचा भार नको तितका वर आणि पुढे राहतो. ड्रॉपर हा चालत्या सायकलवर खालीवर होणारा सीट पिलर (सीटखालची दांडी). हँडलवरचा खटका दाबून सीटवर वजन टाकलं की ती खाली जाते. वजन काढून पुन्हा खटका दाबला की आतल्या दाबामुळे ती वर येते. हात हँडलवरच राहतात, पाय पेडलवरच.

याच्या शेजारी क्विक रिलीज, म्हणजे हातानं उघडून सीट खालीवर करायची खटक्याची पकड, ठेवून बघा. साध्या पिलरची पकड बोल्टची असेल तर ती बदलून खटक्याची बसवता येते, तीही काही शे रुपयांत. वजन वाढत नाही, बिघडण्यासारखं काही नाही, कुठल्याही दुकानात मिळते. पिलरवर नेलपॉलिशची खूण केली की सीट दरवेळी त्याच उंचीवर येते. तोटे दोनच: थांबावं लागतं आणि सीटचं तोंड सरळ आहे ना ते दरवेळी पाहावं लागतं. मुरमाची धूळ नळीत शिरली की पिलर ओरबाडला जातो, पण पुसून ग्रीस लावत राहिलं तर तेही सांभाळता येतं.

थांबावं लागतं, हा तोटा मात्र जागेप्रमाणे लहानमोठा होतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. तिथून खाली येताना चढ एकदाचा संपतो आणि मग लांब उतार लागतो. वर थांबून सीट खाली केली, पाणी प्यायलं, निघालं. अर्ध्या मिनिटानं काही बिघडत नाही. आपल्या टेकड्यांवर उतार लागतो न लागतो तोच संपतो. खाली नाला आणि पलीकडे लगेच उभा चढ. अशा वाटेवर दर वेळी कोण उतरणार? मग सीट मध्येच कुठेतरी ठेवली जाते. चढावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ताण येतो आणि उतारावर अडचण होते ती होतेच. या मधल्या मार्गाच्या मी पूर्ण विरोधात आहे. ड्रॉपरची खरी गरज अशा तुकड्यातुकड्यांच्या चढउतारावरच जास्त आहे. २०२२ च्या मिलान–सान रेमो या रस्त्यावरच्या शर्यतीत मातेय मोहोरिच या सायकलपटूनं ड्रॉपर लावला होता. पोज्जो या शेवटच्या टेकडीच्या उतारावर तो सगळ्यांपासून सुटला आणि शर्यत जिंकला. डांबरी रस्त्यावर, छोट्याशा उतारासाठीसुद्धा त्याला तो लावावासा वाटला.

आता दुसरी बाजू. तुमचं चालवणं म्हणजे पहाटे गावरस्ते, कालव्याकाठची वाट आणि परत, असं असेल तर ड्रॉपर नको. ड्रॉपरनं सायकलचं वजन पाव ते अर्धा किलो वाढतं आणि बऱ्यापैकी ड्रॉपरची किंमत पाच आकडी असते. तेच पैसे आधी टायरमध्ये घाला. विदर्भात बाभळीचा काटा चुकवता येत नाही. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) असेल तर तो काटा राइड थांबवत नाही, हवाही जरा कमी ठेवता येते आणि सुट्या मुरमावर पकड वाढते. ब्रेक अजून तारेचे असतील तर त्यांचा नंबर दुसरा. घट्ट टायर आणि कमजोर ब्रेक घेऊन उतारावर सीट खाली केल्यानं फारसं साधत नाही. माझ्या मते क्रम हाच: टायर, ब्रेक, मग ड्रॉपर.

हे दोन्ही झालं असेल आणि टेकडीवर नियमित जाणं होत असेल, तर जरूर घ्या. घेताना तारेवर चालणारा घ्या. हायड्रॉलिकमध्ये तेल भरून हवा काढावी लागते आणि वायरलेसची किंमत ऐकूनच बहुतेकांचा विषय संपतो. तारेच्या ड्रॉपरला गिअरचीच केबल लागते, ती गल्लीतला मेकॅनिकही बदलू शकतो. आतलं कार्ट्रिज (सीट वर ढकलणारी दाबाची नळी) वेगळं मागवता येतं का, हे मात्र पैसे देण्याआधी विचारा. काही ड्रॉपरमध्ये ते सहज बदलता येतं, काहींत अख्खा पिलरच टाकून द्यावा लागतो.

फ्रेमकडेही बघावं लागतं. पिलर बसतो त्या नळीचा व्यास २७.२, ३०.९ की ३१.६ मिलिमीटर, हे जुन्या पिलरवर कोरलेलं असतं. २७.२ मध्ये पर्याय कमी आहेत. केबल आतून न्यायला फ्रेमला भोक नसेल तर बाहेरून केबल येणारा ड्रॉपर शोधा. भोक पाडून घेण्याच्या भानगडीत पडू नका, फ्रेम तिथेच कमजोर होते. पुढे पेडलपाशी तीन दातेरी चकत्या असतील तर डाव्या हाताला आधीच गिअरचा शिफ्टर असतो आणि ड्रॉपरचा खटका दाटीवाटीनं बसवावा लागतो. पुढे एकच चकती असेल तर ती जागा मोकळीच असते.

सगळ्यात जास्त गोंधळ लांबीत होतो. सीट तुमच्या पेडल मारण्याच्या उंचीवर ठेवा आणि फ्रेमच्या पकडीपासून सीटखालच्या दांड्यांपर्यंत मोजा. समजा २१० मिलिमीटर भरले. ड्रॉपरच्या हालचालीखेरीज त्याचं डोकं आणि गळा मिळून साधारण पाच-सहा सेंटिमीटर जातात, म्हणून इथे १५० मिलिमीटर हालचालीचा ड्रॉपर बसेल, १७० चा नाही. उंची कमी असणाऱ्यांना बहुतेकदा १०० किंवा १२५ चाच लागतो, आणि तोही पुरेसा फरक पाडतो. नळीच्या आत किती खोल जाईल तेही पाहा, कारण बाटलीच्या स्टँडचे बोल्ट किंवा नळीतला वाक मध्ये येऊ शकतो.

"पावसाळ्यात हे टिकन का?" असं मेकॅनिक विचारतो, आणि तो बरोबर विचारतो. काळी माती चाकांत भरून सायकल जागची हलेनाशी होते, तेव्हा ती पिलरच्या सीलवरही साचते. तिथे प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका, माती सीलच्या आत जाते. ओल्या फडक्यानं पुसा, सीलखाली थोडं ग्रीस लावा. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नका, काही ड्रॉपरमध्ये त्यामुळे तेलात हवा शिरते आणि सीट बसल्यावर थोडी खचू लागते. मे महिन्यात राइडनंतर सायकल सावलीत लावा, रबरी सील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लवकर कडक होतं.