पेशीतील ‘कळ’ उलगडून दाखवणारी पाठमाला

पार्किन्सन आजारात पेशीच्या आत नेमके काय बिघडते, हे समजून घेण्यासाठी मी नुकतीच एक ऑनलाइन पाठमाला पूर्ण केली. तिचा गाभा म्हणजे रॅब प्रथिने. जीटीपी हा छोटा रेणू जोडलेला असताना ही प्रथिने ‘चालू’ असतात आणि त्यातील एक फॉस्फेट सुटून त्याचे जीडीपी या रेणूत रूपांतर झाले की ‘बंद’ होतात. पेशीतील सूक्ष्म पिशव्यांची वाहतूक या उघडझापीवरच चालते.

सर्वांत सरस भाग एलआरआरके२ या एन्झाइमचा आहे. त्याच्या जनुकातील दोष २००४ मध्ये या आजाराशी जोडला गेला, आणि ते रॅब८, रॅब१० यांसारख्या प्रथिनांच्या अगदी कळीच्या भागावर फॉस्फेट चिकटवते, हे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. जी२०१९एस या उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकातील एका बदलामुळे, ते अतिसक्रिय होते. मग फॉस्फेट लागलेले रॅब, त्याला पेशीतील पटलावरून सोडवून नेणाऱ्या जीडीआय या सोबती प्रथिनाशी जुळू शकत नाही आणि पटलावरच अडकून राहते. ही साखळी ज्या सावकाशीने, आकृती पुन्हापुन्हा उभी करत समजावली आहे, ती मला मनापासून आवडली.

या आजारात मेंदूच्या पेशींत गुठळ्या करणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचा भाग मात्र घाईत उरकला आहे, आणि रॅब३९बी जनुकातील दोषामुळे तरुण वयात होणाऱ्या पार्किन्सनचा तर केवळ उल्लेख येतो, ही उणीव मला खटकली. एलआरआरके२ला रोखणाऱ्या औषधांविषयी बोलताना शिक्षिकांनी खोटी आशा दाखवलेली नाही, हे रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी मला फार मोलाचे वाटते. बारावीचे जीवशास्त्र आठवत असेल, तर ही पाठमाला अवश्य घ्यावी.