हजार वॅटचा इंजिन हीटर निघाला सव्वादोनशेचा

निफाड, पिंपळगाव, दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षवाल्यांनी हे जरूर वाचा. थंडी वाढली की हे हीटर विकणारे पुन्हा स्टॉल टाकणार.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा चार-पाच अंशांवर येतो. भुरी रोगाची फवारणी सकाळी लवकर उरकायची असते आणि नेमका तेव्हाच बागेतला छोटा ट्रॅक्टर रुसतो. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर, मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून टोचन लावा. विकणाऱ्यांना आपलं हे दुखणं बरोबर ठाऊक असतं.

एका कृषी प्रदर्शनात इंजिन हीटरचा स्टॉल होता. रेडिएटरच्या खालच्या पाइपात बसवायचा, पहाटे दोन तास प्लग लावायचा, कूलंट तापतं, इंजिन पटकन उचलतं. यात खोटं काही नाही. कॅनडासारख्या देशात उणे तीस अंशांत डिझेल इंजिनं अशीच तापवून चालू करतात. कुणी कोअर प्लगच्या, म्हणजे इंजिन ब्लॉकवरच्या गोल झाकणाच्या, जागी हीटर बसवतं, कुणी पाइपात, कुणी ऑइल चेंबरला पॅड चिकटवतं. कल्पना खरी असल्यामुळेच गिऱ्हाईक गळाला लागतं.

स्टॉलवरचा ट्रॅक्टर चावी फिरवताच धडधडायचा. का नाही धडधडणार? दुपारचं ऊन, आणि पोरगा दर थोड्या वेळाने तो चालू करून दाखवत होता. इंजिन दिवसभर गरमच. भाव साडेपाच हजार, "प्रदर्शनात भाऊ तुमच्यासाठी साडेचार." बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लागला की अठरा टक्के वर जातील, कशाला उगाच?" हातात पडली कच्ची पावती. त्यावर एक मोबाइल नंबर, ना पत्ता, ना दुकानाचं धड नाव. वर स्टार्टिंग स्प्रेचा डबा फुकट. तो डबा मिस्तरीने पाहिल्या पाहिल्या काढून घेतला. ज्या इंजिनला हीटर प्लग (चालू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे) आहेत, तिथे ते तापलेले असताना तो ईथरचा फवारा मारला तर मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतच, भडका उडू शकतो. विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

हीटर बसवला. दोन तास प्लग लावूनही हेडला हात लावला तर गारच. फोन केला तर उत्तर, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल." नंतर, "मोठं मॉडेल घ्या, फरक भरा." त्यानंतर नंबर बंद.

मग वायरमनला बोलावलं. त्याने मल्टिमीटर लावला, आकडा आला 230 ओहम. हिशेब सोपा आहे: घरातलं व्होल्टेज 230, त्या 230 ला 230 नेच गुणायचं आणि आलेल्या ओहमने भागायचं. 230 वॅट! खोक्यावर ठसठशीत 1000 छापलेलं. हजार वॅटच्या हीटरचा आकडा 53 ओहमच्या आसपास यायला हवा. मल्टिमीटर नसेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त हीटर लावा आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा मोजा. मीटरवर 3200 इम्पल्स (म्हणजे एका युनिटला इतक्या वेळा लुकलुक) लिहिलेलं असेल तर हजार वॅटला मिनिटाला साधारण 53 वेळा लुकलुकला पाहिजे. आमचा जेमतेम बारा वेळा लुकलुकत होता.

पण वॅटचं एक वेळ सोडा. वायरमनने प्लग टॉप उघडला आणि तसाच माझ्यासमोर धरला. तीन पिनांचा टॉप, आत वायर दोनच. आर्थिंगची जाड पिन नुसती शोभेला. ट्रॅक्टर उभा रबरी टायरवर, शेडमध्ये जमीन ओली, पाइपात पाणी. आतली कॉइल बॉडीला चिकटली असती तर अख्खा ट्रॅक्टर करंट मारत उभा राहिला असता, आणि पहिला हात बॉनेटलाच लागतो. साडेचार हजारांपेक्षा मला या गोष्टीचा संताप जास्त आहे.

खोक्यावर आयएसआयचा शिक्काही होता, वर आयएस 368. हा क्रमांक पाणी तापवायच्या रॉडचा आहे, त्याचा इंजिन हीटरशी काय संबंध? खऱ्या शिक्क्याखाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव-पत्ता समोर येतो. आमच्या खोक्यावर शिक्क्याखाली कोरी जागा.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. त्यांनी विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि बिल विचारलं. जीएसटी कशाला म्हणणाऱ्याने तिथेच दोर कापून ठेवला होता.

ट्रॅक्टरचं दुखणं शेवटी मिस्तरीने काढलं. तीन हीटर प्लगांपैकी दोन मेलेले, बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर, आणि इंजिनात थंडीत जास्त घट्ट होणारं 20डब्ल्यू-40 ऑइल. प्लग बदलले, टर्मिनल घासले, ऑइल 15डब्ल्यू-40 टाकलं. आता पहाटे चावी अर्धी फिरवून प्लग तापू दिले की दुसऱ्या सेल्फला उचलतो. आमच्या चार-पाच अंशांना एवढं पुरतं. लाहौल-स्पिती किंवा लडाखात ट्रॅक्टर असता तर वेगळी गोष्ट. तिकडे डिझेलही गोठतं, म्हणून 2019 पासून उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल मिळतं.

हाच हीटर आमच्या शिवारात आणखी काही जणांनी घेतलाय. तुमच्याकडेही असेल तर आज रात्री प्लग लावू नका. आधी टॉपचा स्क्रू काढून आत तिसरी वायर, हिरवी, आहे का बघा. टॉपमध्ये दिसली तरी ती हीटरच्या बॉडीपर्यंत पोचते का, हे वायरमनकडून तपासून घ्या.