कापूस प्रोजेक्टचा डेटा: शेतकऱ्याची डायरी की सीझननंतरचा सर्व्हे?

बेटर कॉटनसारख्या, म्हणजे कापूस जास्त टिकाऊ पद्धतीने पिकवायला लावणाऱ्या प्रोग्राममधे एका प्रोड्युसर युनिटमधे (शेतकऱ्यांचा एक मोठा गट) साधारण 3500 शेतकरी, आणि प्रत्येकाने डायरी भरायची म्हणजे कोणती फवारणी कधी केली, युरिया किती टाकला, मजुरी किती गेली, कापूस किती क्विंटल झाला सगळं त्याच दिवशी लिहायचं. यवतमाळ वर्ध्याकडे काम करताना एक गोष्ट पक्की कळली, की जूनमधे वाटलेली डायरी बऱ्याच घरात कोरीच राहते आणि मग ऑडिट आलं की आमचा फील्डवाला पोरगा एका रात्रीत पन्नास डायऱ्या एकाच पेनाने भरतो. त्या पोराचा दोष नाही हो, टार्गेटच तसं असतं.

सॅम्पल सर्व्हेत थोडेच शेतकरी निवडायचे, चिठ्ठी टाकल्यासारखे, ओळखीचे नाही, आणि वेचणी झाल्यावर नीट बसून विचारायचं. अडचण एकच, जुलैची फवारणी फेब्रुवारीत कोणाला आठवते? बोंडअळीच्या वर्षी तर औषधांची नावं पण सांगता येत नाहीत. म्हणून आम्ही कृषी केंद्राची बिलं आणि गोठ्यातल्या रिकाम्या बाटल्या बघायला लागलो, तिथे खरं कळतं. आणि प्रश्न बाईलाही विचारा, निंदण वेचणी तीच करते.

माझं मत विचाराल तर आकड्यांसाठी सर्व्हे. पण डायरी बंद करू नका, ज्याला स्वतःचा खर्च बघायचाय त्याच्यासाठी ती लाखमोलाची आहे, फक्त ती त्याची राहू द्या, आमच्या रिपोर्टची नको.