पिंग कमी करून देतो म्हणाला आणि २२,१४९ रुपये घेऊन गेला

४९९, मग २,९५०, मग १८,७००. बेरीज २२,१४९ रुपये. रक्कम मुद्दाम आधी लिहितोय, कारण ज्या ज्या टेबलासमोर मी ती सांगितली तिथं "एवढंच ना?" असा चेहरा झाला. माझा महिन्याचा पगार यापेक्षा फार मोठा नाही.

मी अडाणी नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या पोरांपैकी कुणाचा गेम अडकला की फोन मलाच येतो. आम्ही व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळतो, सर्व्हर मुंबईचा, पिंग (सिग्नल तिथं जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) एरवी विशीच्या आसपास. संध्याकाळी आठनंतर मात्र तो दोनशेवर उड्या मारायचा आणि स्पीड टेस्ट बिनधास्त शंभर एमबीपीएस दाखवायची. इंटरनेट कंपनीचं उत्तर ठरलेलं: "स्पीड बरोबर येतंय सर." दुसऱ्या दिवशी टीमची मॅच होती. नेटवर कंपनीचं कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. कुणीही तेच केलं असतं.

समोरचा शुद्ध मराठीत बोलत होता. "दादा, तुमची लाइन मिरजकर तिकटीकडच्या बॉक्सवरनं येते ना?" पत्ता मीच त्याला मिनिटभर आधी सांगितला होता. पण पंधरा दिवस कुणी नीट ऐकून घेतलेलं नसताना एवढं ऐकलं की माणूस सैल पडतो. 'पोर्ट चेकिंग'चे ४९९ रुपये यूपीआयनं दिले आणि त्यानं सांगितलेलं, माझी स्क्रीन त्याला दाखवणारं ॲप लॅपटॉपवर टाकलं.

मग त्यानं कमांडची काळी खिडकी उघडली. नेटस्टॅटची, म्हणजे मशीनच्या चालू जोडण्यांची, यादी काढून "हे सगळे बाहेरचे लोक तुमच्या लाइनवर बसलेत" म्हणाला. ती यादी ब्राउझरची, गेमची, विंडोज अपडेटची असते, प्रत्येकाच्या मशीनवर दिसते. ट्रेसर्टमध्ये, म्हणजे वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या चाचणीत, मधे तारे आले, तर "इथं केबल तुटलीय". वाटेतले बरेच राउटर अशा चाचणीला उत्तरच देत नाहीत. तारे येऊन पुढचे टप्पे नीट दिसत असतील तर काहीही तुटलेलं नसतं.

आणि आता ते, जे आठवलं की अजून डोकं तापतं. त्यानं पिंग लावला तो १९२.१६८.१.१ ला. आकडे माझ्या डोळ्यांसमोर धावत होते: २, ३, १४०, ३, २१०, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट. "बघा दादा, बाहेरची लाइन किती खराब आहे." बाहेरची? तो पत्ता माझ्या घरातल्या, हॉलमधल्या टीव्हीवर ठेवलेल्या राउटरचा! वायफायचा पासवर्ड बदलायला तोच पत्ता मी कितीदा टाकलाय. लॅपटॉपपासून राउटरपर्यंतच्या दहा फुटांत दोनशे मिलिसेकंद लागत असतील तर दुखणं घरातल्या वायफायचं आहे, रस्त्यावरच्या कुठल्याच बॉक्सचा त्यात संबंध नाही. तिथंच फोन आपटायला हवा होता. पण रात्रीचे साडेनऊ वाजलेले, टीम दुसऱ्या फोनवर खोळंबलेली, आणि हा माणूस इतक्या सराईतपणे बोलतोय. त्या क्षणी आकडा दिसतो, पत्ता दिसत नाही.

राउटर बंद करून चालू करायला लावला. पिंग खरंच ४ वर आला. "गेमिंग पोर्ट ॲक्टिव्ह झाला, आता कायमचा करून देतो, २,५०० अधिक जीएसटी." म्हणजे २,९५०. अठरा टक्क्यांचा हिशोब अचूक, मग शंका कशाला येईल? प्रत्यक्षात बरेच राउटर चालू होताना वायफायसाठी मोकळा चॅनल शोधतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, संध्याकाळी प्रत्येकाचं वायफाय त्याच तिघांत कोंबलेलं. पुढं लॅन केबल आणून जोडली, ४५० रुपयांची, आणि विषय संपला. कायमचा.

शेवटी "मोबाइलही रजिस्टर करू" म्हणून फोनवर तेच ॲप, आणि एका पानावर डेबिट कार्डानं दहा रुपये. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. तो त्याला माझ्या स्क्रीनवर दिसत होता. १८,७०० गेले. ओटीपीच्या मेसेजात रक्कम लिहिलेली असते, ती आधी वाचा. आणि कसलीही स्क्रीन दाखवायची असेल तर त्या फोनमध्ये बँक नको.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावला. बिझी, बिझी, मग लागला. तक्रार क्रमांक मिळाला, तिथनं पुढं शांतता. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरकडं जा. सायबरवाले म्हणाले तुमच्या हद्दीच्या ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे म्हटल्यावर साहेबांनी मला विचारलं, "वकील आहात का?" आणि वर, "गेम खेळायला एवढे पैसे कशाला घालवता?" मी चोरी सांगायला गेलो होतो, माझा छंद तपासून घ्यायला नाही! बँकेनं एका ओळीत हात झटकले: ओटीपी तुमच्याकडनंच गेला. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आणलेल्या नियमाप्रमाणं ग्राहकानं कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ लेखी घ्या, फोनवरच्या "नोट केलंय" ला काही किंमत नाही. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार जाते. माझी गेलीय. इंटरनेट कंपनीचं म्हणणं, तो नंबर आमचा नाही, विषय संपला. आपल्या नावानं खोटा नंबर फिरतोय हे त्यांनी ग्राहकांना एका मेसेजनं कळवायला काय हरकत होती?

कस्टमर केअरचा नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला, दुसरीकडचा नाही. पिंग वाढला की आधी १९२.१६८.१.१ ला पिंग लावून तपासा (काही घरांत शेवटून दुसरा आकडा ० असतो). तिथंच उड्या असतील तर केबल लावा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. तिथं १-२ आणि पुढं ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला उड्या असतील तर घरात कुणाच्या फोनचे फोटो अपलोड होतायत का बघा. ते थांबवूनही फरक नसेल तरच कंपनीला गाठा, आकड्यांचा फोटो काढून. 'गेमिंग पोर्ट' नावाचं काही विकणारा भेटला आणि पैसे गेले नसतील, तर त्याचा नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू' सोयीवर टाका. पैसे गेले असतील तर १९३०, आणि पहिल्या तासातच. माझ्याकडनं घेतलेला नंबर मी हे लिहिताना परत लावून बघितला. रिंग जातेय.