पदव्युत्तर अभ्यासासाठी १४ इंची लॅपटॉप : दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळे स्क्रीन आणि रॅमचे पर्याय विकले जातात, त्यामुळे नाव वाचून घेतलेलं मशीन माझ्यासारखंच निघेल याची खात्री नसते. नावापेक्षा स्पेसिफिकेशनचा तक्ता नीट वाचा.

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की सगळे आधी प्रोसेसर विचारतात. माझा निम्मा दिवस पीडीएफ वाचण्यात जातो, म्हणून मी आधी स्क्रीन पाहिली आणि आजही तेच करेन. हिचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१० आहे, १९२० बाय १२०० पिक्सेल. नेहमीच्या फुल एचडीपेक्षा उंचीला १२० पिक्सेल जास्त. आकडा किरकोळ वाटतो, पण दोन कॉलमी शोधनिबंध उघडला की सतत खालीवर करावं लागत नाही. पॅनेल मॅट आहे, त्यामुळे डोक्यावरचा दिवा त्यात दिसत नाही. ब्राइटनेस मात्र ३०० निट्स. खोलीत पुरतो, खिडकीशी बसलं की डोळे ताणावे लागतात. ४०० निट्सचा पर्याय असेल तर तोच घ्या. रंगही फिके आहेत. मला आलेख काढायचे असतात, भागतं. फोटोंवर काम करणाऱ्याला चालणार नाहीत.

रॅम १६ जीबी, आणि ती बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे नंतर वाढवायची सोय नाही. माझं काम आर (R) या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं आणि आर सगळा डेटा मेमरीत उचलतं. १ कोटी ओळी आणि २० संख्यांचे कॉलम असले तर तेवढ्यालाच सुमारे १.६ जीबी लागतात. वर दोन तक्ते जोडताना मध्येच प्रती तयार होतात, शेजारी झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझरचे टॅब उघडे असतातच. एरवी मशीन सुरळीत चालतं, पण अशा वेळी अक्षरशः गुदमरतं. मोठा डेटा हाताळायचा असेल तर ३२ घ्या आणि पैसे एसएसडीत (फाइल साठवायच्या डिस्कमध्ये) वाचवा. एसएसडी बहुतेक मशीनमध्ये नंतर बदलता येते. घेण्याआधी तेवढं तपासा.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाच्या मोहात पडले नाही. जड मॉडेल विभागाच्या सर्व्हरवर चालवते, लॅपटॉप फक्त जोडणीपुरता.

बॅटरीचे जाहिरातीतले तास बहुधा मंद ब्राइटनेसवर व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. वाय-फाय, व्हिडिओ कॉल आणि आर एकत्र चालू असताना मला त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त मिळतात. लेक्चर आणि मग लायब्ररी एवढं निघतं, संध्याकाळी चार्जर लागतोच. तो ६५ वॅटचा यूएसबी-सी आहे, त्याच्यावर फोनही चार्ज होतो. पाठीवरचं ओझं तेवढंच कमी. टेबलावर कायम प्लगला लावून ठेवत असाल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. लिथियम-आयन बॅटरी सतत भरलेली आणि गरम राहिली की लवकर थकते.

खरी डोकेदुखी स्लीपची. झाकण मिटून बॅगेत टाकावं आणि काढताना मशीन तापलेलं, बॅटरी उतरलेली! झाकण मिटल्यावर हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद) अशी सेटिंग केली तेव्हा हे थांबलं. उघडायला काही सेकंद जास्त लागतात, लागू देत.

घेण्याआधी गाईडना किंवा सीनियरना एक विचारा : विभागात कुठलं सॉफ्टवेअर लागतं? आर्कजीआयएस प्रो हे नकाशांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. प्रयोगशाळेतल्या जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर एआरएम चिपच्या (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरच्या) मशीनवर चालतीलच असं नाही. अशा वेळी सुंदर, हलकं मशीन नुसतं टाइपरायटर होऊन बसतं.

कीबोर्ड चांगला, थीसिसची प्रकरणं त्यावरच लिहितेय. पूर्ण आकाराचा एचडीएमआय आहे, त्यामुळे सेमिनारला अडॅप्टर शोधत फिरावं लागत नाही. वेबकॅम मात्र अगदीच सुमार. ऑनलाइन प्रेझेंटेशनला फोनचाच कॅमेरा लावते.