कर्वेनगरमधील एक ड्रायव्हिंग स्कूल: बंद पडलेल्या गाडीचा हिशेब

वयाच्या ५४ व्या वर्षी मोटार शिकायची वेळ माझ्यावर आली ती आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांमुळे आणि पहाटे न मिळणाऱ्या रिक्षांमुळे. वर्षभरात मी दोन ठिकाणी शिकले. त्यांपैकी दुसऱ्या ठिकाणाविषयी, पुण्यात कर्वेनगरमधील एका छोट्या ड्रायव्हिंग स्कूलविषयी, हे लिहीत आहे. नाव देत नाही, कारण शिकवणारे दोघेच आहेत, गाडी एकच आहे आणि "बाई, कुठे लिहून गर्दी आणू नका" असे मालकांनीच बजावले आहे.

पहिल्या ठिकाणी पंधरा दिवस, रोज अर्धा तास असा हिशेब होता. हलक्या वाहनाच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास हवेत, असा नियम असल्याचे मला नंतर कळले. मात्र तास कमी मिळाले याहून खुपले ते वेगळेच. गाडी बंद पडली की शेजारी बसलेले सर आपल्या पायाखालचा क्लच दाबून ती पुढे काढत आणि म्हणत, "काही जणांचा हात बसतच नाही." मला ते लगेच पटले. पटायला वेळ लागला नाही, कारण २६ वर्षे गणित शिकवताना "हिला गणितात गती नाही" हे वाक्य पालकसभांमध्ये मीही सहज उच्चारले आहे.

पक्क्या लायसनच्या पहिल्या चाचणीत मी आठचा आकडा व्यवस्थित काढला, पण चढावर गाडी मागे आली आणि मी नापास झाले. घरी वहिनींना मात्र सांगितले की सर्व्हर बंद होता.

नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी हातात मिळाली ती शंभर पानी वही. गाडी कुठे बंद पडली, त्या क्षणी पाय कुठे होता आणि पुढच्या वेळी काय बदलायचे, असे तीन रकाने त्यात आखायचे. सर माझ्या निम्म्या वयाचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी सव्वासहाला गाडी एआरएआयच्या टेकडीच्या रस्त्यावर नेली, चढावर उभी करायला लावली आणि सांगितले, "बाई, आज दहा वेळा बंद पाडायची. नऊ वेळाच पडली तर तास पुरा झाला नाही." हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, आणि क्लचवरचा पाय इतका सावकाश उचलायचा की इंजिनाचा आवाज जड होऊन गाडीचे नाक किंचित वर आल्यासारखे वाटावे. तिथेच पाय धरून ठेवायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. पहिले सहा धक्के बसले तेव्हा फिरायला आलेल्या मंडळींच्या नजरांनी मी घामाघूम झाले होते. सातव्या वेळी मात्र, गाडी बंद पडण्याआधी तो जड आवाज मला ऐकू आला. तो आवाज आधीही होताच. बंद पडण्याच्या धास्तीने कान मिटले होते, एवढेच.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी १९९८ मध्ये शाळकरी मुलांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या बुद्धीची वाहवा केली गेली, तर काहींच्या मेहनतीची. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिल्यावर बुद्धीची वाहवा झालेली मुले अधिक लवकर खचली आणि आपले गुण इतरांना कळवताना त्यांच्यातील बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. हे वाचताना मला तो बंद पडलेला सर्व्हर आठवला.

तथापि, स्वतःच्या क्षमतेविषयीचा विश्वास बदलला की यश आपोआप मागे येते, अशा थाटातील सुविचार या स्कूलच्या भिंतीवरही लावले आहेत आणि ते काढून टाकले तर बरे होईल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांच्या अभ्यासात बौद्धिक क्षमता वाढवता येते हे सांगणाऱ्या, तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले खरे, पण थोडेच. आणि जिथे सोबतच्या मुलांमध्येही आव्हान घेण्याची रीत होती, तिथे तो परिणाम अधिक टिकला. इथे ही रीत मागच्या सीटवर बसलेली असते. प्रत्येक तासाला दुसरा एक शिकाऊ मागे बसून पाहतो आणि गाडी बंद पडली की हसायचे नाही, वहीत नोंद करून द्यायची, असा दंडक आहे. माझ्या बऱ्याच नोंदी वारज्याच्या एका कॉलेजकुमाराच्या अक्षरात आहेत, आणि ते अक्षर भयंकर आहे.

तक्रारीही आहेत. साडेसात हजार रुपये घेऊन पावती मागावी लागते. क्लच इतका झिजलेला आहे की घरच्या गाडीवर बसल्यावर पायाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. सर वेळेचे पक्के असले तरी फोनवर फार बोलतात. रिव्हर्स पार्किंगला केवळ दोन तास दिले जातात आणि पुण्याच्या गल्ल्यांसाठी ते अगदीच अपुरे आहेत.

नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते आणि तीनदा नापास झाले तरच साठ दिवस थांबावे लागते, ही कायद्यातील तरतूद मला सरांनी पहिल्याच दिवशी वाचून दाखवली होती. आधीच्या ठिकाणी तिचा उल्लेखही झाला नव्हता. दुसऱ्या चाचणीत मी चढ पार केला. पार्किंगसाठी मी आणखी चार तासांचे पैसे भरले आहेत, कारण डहाणूकर कॉलनीतील आमच्या सोसायटीच्या खांबाची नोंद वहीत पाच वेळा झाली आहे.