यंत्र खोक्यात, सही कागदावर

३० डिसेंबर २०२५ची संध्याकाळ. आमच्या ड्राइव्हवेवर हीट पंपाचं (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणाऱ्या विजेवरच्या यंत्राचं) बाहेरचं युनिट पुठ्ठ्याच्या खोक्यातच उभं होतं, त्यावर बर्फाचा थर. बेसमेंटमध्ये जुना ऑइल फर्नेस नेहमीसारखा धडधडत होता. आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून टॅबलेटवर बोटाने सही करत होतो. कागदाचं नाव ‘काम पूर्ण झाल्याचा दाखला’. बायको म्हणालीसुद्धा, "अरे, पूर्ण कुठे झालंय?" मी म्हटलं, "टॅक्ससाठी लागतं गं." २,००० डॉलर वाचवायला केलेली ती सही मला केवढ्याला पडली, ते सांगतो.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, वुस्टरच्या जवळ राहतो. घर जुनं, गरम करायला तेल. थंडीत दर काही आठवड्यांनी टँकर येतो आणि बिल बघून पोटात गोळा येतो. त्यामुळे सप्टेंबरमध्ये गणपतीच्या कार्यक्रमात हीट पंपाचा स्टॉल दिसला तेव्हा मीच पुढे गेलो. स्टॉलवरचा मुलगा मराठी, तोही सांगलीकडचा. पहिल्या दोन मिनिटांत ‘दादा’, पाचव्या मिनिटाला ‘वहिनी, मोदक फार छान झालेत’. तो फसवायलाच आला होता असं मला अजूनही वाटत नाही. त्याला कमिशन हवं होतं, आणि नियम त्याने वाचलेच नव्हते. परिणाम मात्र तोच.

आठवड्याने घरी आला. तळघर पाहिलं, खिडक्या मोजल्या, चौरस फूट विचारले आणि आकडा लिहिला: २६,४०० डॉलर. त्याखाली ‘मास सेव्ह रिबेट’ (राज्यातल्या वीजकंपन्यांच्या ऊर्जाबचत योजनेतून मिळणारी सूट) वजा १०,०००. त्याखाली ‘फेडरल टॅक्स क्रेडिट ३० टक्के’ (केंद्र सरकारची करसवलत) वजा ७,९२०. आणि सगळ्यात खाली, दोनदा गोल करून: ८,४८०.

"दादा, एवढेच तुमच्या खिशातून. बाकी सरकार देतंय. पण ३१ डिसेंबरला ही स्कीम बंद. ट्रम्पसाहेबांनी जुलैमध्येच सही केलीय."

शेवटचं वाक्य खरं होतं, आणि म्हणूनच बाकीचंही खरं वाटलं. ४ जुलै २०२५च्या कायद्याने हे क्रेडिट खरोखरच ३१ डिसेंबरला संपवलं होतं. कागदावरचे दोन्ही ‘वजा’ मात्र चुकीचे होते. कसे, ते मला फेब्रुवारीत आमच्या सीपीए बाईंनी, म्हणजे आमचा कर भरून देणाऱ्या हिशोबनीसांनी, समजावलं. पाच महिने उशिरा.

आधी टॅक्स क्रेडिट. हवेतून उष्णता घेणारा साधा हीट पंप करकायद्याच्या कलम २५सी मध्ये यायचा. तिथे ३० टक्के होते, पण वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. मर्यादा नसलेले ३० टक्के जमिनीतून उष्णता घेणाऱ्या जिओथर्मल पंपाला होते. ते कलम वेगळं, २५डी. कर भरतानाच्या एकाच फॉर्म ५६९५चे हे दोन भाग, आणि आमच्या सांगलीकराने एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवला होता. शिवाय वीजकंपनीकडून रिबेट मिळाली तर ती किमतीतून आधी वजा करून मग ३० टक्के काढायचे होते. त्याने काढले पूर्ण २६,४०० वर. आणि हे क्रेडिट म्हणजे चेक नव्हता. तुमचा त्या वर्षीचा जेवढा कर व्हायचा, तेवढ्यापुरतंच ते कापलं जायचं. उरलेलं पुढच्या वर्षी नेता येत नव्हतं. निवृत्त आईवडिलांच्या नावावर घर असेल आणि त्यांना करच लागत नसेल, तर हाती शून्य.

आता ते १०,०००. याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण उत्तर माझ्याच टपालात दर महिन्याला येत होतं. मास सेव्हचा पैसा एव्हरसोर्स, नॅशनल ग्रिड अशा कंपन्यांच्या ग्राहकांच्या बिलातूनच गोळा होतो आणि त्यांनाच परत मिळतो. पण मॅसॅच्युसेट्समध्ये चाळीसेक ठिकाणी वीज गावाच्याच खात्याची असते. श्रूसबरी, कॉन्कर्ड, बेलमाँट, रेडिंग ही त्यातलीच. आमचंही गाव तसंच. दर स्वस्त म्हणून आम्ही इथे घर घेतल्याचा अभिमान सांगत फिरायचो! आम्ही मास सेव्हच्या निधीत वीजबिलातून एक पैसाही भरत नाही, मग त्यातून रिबेट कुठली मिळणार? अशा गावांच्या वीजखात्यांच्या स्वतःच्या योजना असतात, पण त्या वेगळ्या, रक्कमही वेगळी. गावाचं नाव आणि लाइटबिल एवढं बघितलं असतं तरी ते १०,००० जागेवरच खोडले गेले असते. त्याने बघितलं नाही. मीही नाही.

शंका यायला हवी होती अशी आणखी एक गोष्ट. मास सेव्हची पूर्ण घराची रिबेट हवी तर घराला पुरेसं इन्सुलेशन आहे का हे आधी तपासतात आणि काम त्यांच्या यादीतल्या इन्स्टॉलरकडूनच करून घ्यावं लागतं. आमच्या माळ्यावर कुणी डोकावलंसुद्धा नाही. मी त्याचं कौतुक केलं, म्हटलं, किती सुटसुटीत काम!

तर २,४०० डॉलरचा चेक दिला आणि उरलेल्या २४,००० चं कर्ज तिथेच टॅबलेटवर काढलं. "झिरो पर्सेंट आहे ना?" मी विचारलं. "पहिलं वर्ष एक पैसा भरायचा नाही, दादा." माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. बिनव्याजी कर्ज मास सेव्हमार्फत मिळतं खरं. हे ते नव्हतं. वर्षभर हप्ता नाही आणि त्यानंतर ९.९९ टक्के. घरी येऊन केलेला असा करार तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येतो. त्याचा अर्जसुद्धा ईमेलमध्ये होता, नवव्या पानावर. मी तो मार्चमध्ये वाचला.

काम नोव्हेंबरच्या मध्यात होणार होतं. मग थँक्सगिव्हिंगनंतर. मग माल अडकलाय. सगळीकडे तीच घाई होती, लोक ३१ तारखेच्या आत पंप बसवायला धावत होते. २९ डिसेंबरला ट्रक आला, खोकी उतरवून गेला. ३० तारखेला स्टॉलवाला तो मुलगा टॅबलेट घेऊन हजर. म्हणाला, "दादा, टेन्शन नको. पैसे डिसेंबरात दिले की झालं. कागदावर तारीख टाकून ठेवू, माणसं पुढच्या आठवड्यात येतील."

हे त्याचं सगळ्यात महाग खोटं. या क्रेडिटसाठी आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) लेखी खर्च धरला जायचा तो यंत्र बसवून पूर्ण झालं त्या दिवशी. पैसे कधी दिले याला काही अर्थ नव्हता. डिसेंबरात पूर्ण रक्कम दिली आणि पंप जानेवारीत बसला, तर क्रेडिट गेलं. पण मला दिसत होते ते २,००० (त्या दिवशी मला तर ७,९२० दिसत होते). मी खोट्या दाखल्यावर सही केली, आणि ते मला माहीत होतं. इथे कुणाला दोष देऊ?

त्या दाखल्याचा आयआरएसशी काही संबंधच नव्हता, हे मात्र माहीत नव्हतं. तो होता कर्जकंपनीसाठी. ग्राहकाने काम पूर्ण झालं म्हणून सही केली की ते कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे सोडतात. दुसऱ्याच दिवशी २४,००० डॉलर त्यांच्या खात्यात गेले. ज्यांना सगळे पैसे मिळालेत ते कॉन्ट्रॅक्टर फोन कसा उचलतात, ते वेगळं सांगायला नको. माणसं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आली. वायरिंग इन्स्पेक्टरने पहिल्यांदा नापास केलं, कारण बाहेरच्या युनिटजवळ वीज तोडायचा स्विचच बसवला नव्हता. फेब्रुवारीत पास झालं. त्या तारखा गावाच्या दप्तरात परमिटसोबत नोंदलेल्या आहेत, कुणीही बघू शकतं.

सीपीए बाईंकडे मी तरीही डिसेंबरचं बिल घेऊन गेलो. त्यांनी आधी परमिटच मागितलं. मग निर्मात्याचा चार अक्षरी कोड मागितला, २०२५च्या फॉर्मवर तो लागतो. मग एएचआरआय प्रमाणपत्र, म्हणजे यंत्राच्या कार्यक्षमतेचा दाखला. हे प्रमाणपत्र एकट्या यंत्राचं नसतं. बाहेरचं युनिट आणि आतली कॉइल अशी विशिष्ट जोडी असते, तिचं असतं. बेसमेंटमध्ये जाऊन कॉइलचा नंबर वाचला, तर तो प्रमाणपत्रावर नव्हताच. दुसरंच मॉडेल बसवलेलं. म्हणजे ख्रिसमसच्या आधी काम झालं असतं, तरी ते २,००० मिळाले असतेच असं नाही.

"हे मी भरणार नाही," बाई म्हणाल्या, "आणि तुम्हीही दुसऱ्या कुणाकडून भरून घेऊ नका." नाही भरलं.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, बिल तर डिसेंबरचंच आहे, कोण बघतंय?" तेव्हापासून तो फोन घेत नाही.

कर्जकंपनीकडे तक्रार केली तर त्यांनी माझीच सही मला पाठवली. पण कर्जाच्या कागदावर ठळक अक्षरांत एक परिच्छेद आहे, तो एका मित्राने दाखवला. विक्रेत्यानेच कर्ज जोडून दिलं असेल, तर विक्रेत्याविरुद्धची तुमची तक्रार आणि बचाव कर्ज देणाऱ्यालाही लागू होतात. तुमच्या कागदावर ‘नोटीस: एनी होल्डर’ अशी सुरू होणारी सूचना शोधा. त्या आधारावर पत्र लिहिलं, खोकं ड्राइव्हवेवर असलेला ३१ डिसेंबरचा फोटो जोडला (बायकोने नातवंडांना बर्फ दाखवायला काढला होता, कोपऱ्यात खोकं आलं). आता ते खातं ‘वादात’ म्हणून नोंदलंय. कॉन्ट्रॅक्टरला राज्याच्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, म्हणजे प्रकरण ९३ए खाली, मागणीपत्र पाठवलं. ग्राहकाला कोर्टात जायच्या तीस दिवस आधी ते पाठवावं लागतं, आणि जाणूनबुजून फसवल्याचं ठरलं तर भरपाई दुप्पट ते तिप्पट होऊ शकते. ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातही तक्रार टाकली. अठ्ठाविसाव्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर आलं: १,५०० डॉलर देतो, पण कुठेही तक्रार करणार नाही असं लिहून द्या. या वेळी सही केली नाही.

पंप चालतोय, हेही सांगायला हवं. घर उबदार आहे. यंत्राशी माझं भांडण नाही.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला गेलो तर दाराशी तोच स्टॉल. क्रेडिट संपून अडीच महिने झाले होते, तरी फलकावर ३० टक्के तसेच होते. मुलगा नवीन होता. समोर भारतातून आलेले एक काका-काकू, सोबत त्यांचा लेक, पेन हातात. मला तिथे भाषण द्यायचं नव्हतं, श्रीखंडाच्या वाट्या हातात होत्या. लेकाला एवढंच विचारलं, "तुमच्याकडे लाइटबिल कुणाचं येतं?"

तो म्हणाला, "गावाचं. का?"